आधी अभ्यास, मग संस्था

कॅनसोच्या मच्छीमाराचं व्यापाऱ्याकडचं खातं सहसा मिटत नसे. हंगाम सुरू व्हायच्या आधी दोर, गळ, मीठ, पीठ, काकवी, चहा, बूट असं सगळं व्यापाऱ्याच्या दुकानातून उधारीवर यायचं आणि त्याचे भाव व्यापारी लावायचा. हंगाम संपला की मासळी त्याच व्यापाऱ्याला घालायची. तिचाही भाव तोच लावायचा. जमाखर्च त्याच्या वहीत व्हायचा, मच्छीमाराच्या हातात रोख रक्कम क्वचितच पडायची, आणि वर्षअखेरीस अंगावर बाकी निघाली तर ती पुढच्या हंगामाच्या डोक्यावर बसायची. मुलगा बापाची होडी घ्यायचा तेव्हा बापाचं खातंही घ्यायचा.

कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावर हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालला. कॅनसो म्हणजे नोव्हा स्कोशिया प्रांताच्या मुख्य भूमीचं अगदी पूर्वेचं टोक. समोरच्या समुद्रात कॉड माशाचा असा सुकाळ, की सोळाव्या शतकापासून युरोपातली गलबतं त्याच्यासाठी इथवर येत होती. गावाजवळ, महासागराच्या तळातून युरोपला जाणाऱ्या तारायंत्राचं मोठं केंद्र होतं. लंडनच्या बाजारातली खबर कॅनसोवरून काही मिनिटांत न्यूयॉर्कला पोचायची. धक्क्यावर उभ्या असलेल्या मच्छीमाराला मात्र आपण धरलेली शेवंड बोस्टनमध्ये काय भावाने विकली जाते याचा पत्ता नसायचा. जगाच्या बाजाराची बातमी त्याच्या घरावरून जात होती, त्याच्या घरात येत नव्हती. किनाऱ्यावरच्या गरिबीचं कारण शोधणाऱ्याने पहिल्यांदा इथे पाहावं असं मला वाटतं.

सुशिक्षित लोक कारण दुसरीकडे शोधत. हे लोक आळशी आहेत, मिळालेलं उडवतात, शिकत नाहीत, मग सरकार तरी काय करणार, असा एकंदर सूर होता. या सुराला छेद देणारी दोन माणसं त्याच प्रांतातल्या एका छोट्या कॅथलिक विद्यापीठातून पुढे आली. दोघंही धर्मगुरू, एकमेकांचे चुलत-मावस भाऊ लागणारे, केप ब्रेटन बेटावरच्या मार्गरी खोऱ्यात वाढलेले. एकाचं नाव जिमी टॉम्पकिन्स, दुसऱ्याचं मोझेस कोडी.

टॉम्पकिन्स किरकोळ अंगाचे, अस्वस्थ, सतत वाचणारे आणि समोरच्याला वाचायला लावणारे. अँटिगोनिश या गावातल्या सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठाचे ते उपाध्यक्ष होते. डेन्मार्कमधल्या लोकशाळा, इंग्लंडमधली कामगारांची शिक्षणमंडळं यांची माहिती ते हावरेपणाने गोळा करत. विद्यापीठाने लोकांची वाट पाहत बसू नये, लोकांपर्यंत जावं, अशी मांडणी करणारी पुस्तिका त्यांनी १९२१ साली काढली, आणि त्याच वर्षी अँटिगोनिशला शेतकऱ्यांसाठी लोकशाळा भरवली. पण प्रांतातली छोटी विद्यापीठं एकत्र करण्याच्या एका योजनेला त्यांनी उघड पाठिंबा दिला, तो त्यांच्या बिशपना रुचला नाही, आणि १९२२ च्या डिसेंबरात त्यांची बदली झाली. कॅनसोला. शिक्षा म्हणूनच ती बदली होती. वयाची पन्नाशी ओलांडलेल्या, पुस्तकांत रमणाऱ्या माणसाला प्रांताच्या टोकावरच्या मच्छीमारांत नेऊन टाकलं.

तिथे त्यांनी लगेच काही संस्था काढली नाही. धक्क्यावर जायचं, जाळी विणत बसलेल्या माणसाच्या हातात एखादं कात्रण ठेवायचं, चार दिवसांनी पुन्हा गाठून ‘वाचलंस का, काय वाटलं’ असं विचारायचं, एवढाच उद्योग त्यांनी काही वर्षं केला. ज्याला वाचता येत नसेल त्याच्यासाठी वाचता येणारा शेजारी शोधायचा. प्रश्नही तेच तेच असत: हा मासा इथून कुठे जातो? तो कोण नेतो? तिथे त्याचं काय होतं?

१ जुलै १९२७ रोजी कॅनडाच्या संघराज्याला साठ वर्षं झाली. देशभर मिरवणुका आणि भाषणं झाली. कॅनसोचे मच्छीमार त्या दिवशी सोहळा बाजूला ठेवून सभेला जमले. आपल्याकडे साजरं करण्यासारखं काय आहे, असा त्यांचा सवाल होता. वाफेवर चालणारे ट्रॉलर किनाऱ्याचा समुद्र खरवडून नेत होते, खारवलेल्या कॉडचा बाजार ढासळत होता, तरुण पोरं अमेरिकेतल्या बोस्टनची वाट धरत होती. त्या सभेची बातमी झाली. इतर धर्मगुरूंनी टॉम्पकिन्सना साथ दिली, सरकारवर दबाव आला, आणि न्यायमूर्ती मॅक्‌लीन यांच्या अध्यक्षतेखाली किनाऱ्यावरच्या मासेमारीच्या चौकशीसाठी शाही आयोग नेमला गेला. त्या आयोगापुढे कोडी यांनी साक्ष दिली. केवळ ट्रॉलर रोखून भागणार नाही, मच्छीमार संघटित व्हायला हवेत आणि त्यासाठी त्यांना शिकवण्याची व्यवस्था हवी, हा त्यांचा आग्रह होता. आयोगाने १९२८ च्या अहवालात ट्रॉलरवर निर्बंध सुचवले आणि मच्छीमारांच्या सहकारी संघटनेचीही शिफारस केली. त्याच वर्षी विद्यापीठाने विस्तार विभाग काढायचं ठरवलं. त्याचे संचालक मोझेस कोडी.

कोडी टॉम्पकिन्सच्या अगदी उलट. सहा फुटांहून उंच, दणकट, सभा गाजवणारे. संघराज्य सरकारने त्यांना मच्छीमारांची संघटना बांधायचं काम दिलं आणि १९२९-३० च्या कडाक्याच्या हिवाळ्यात ते किनाऱ्यावरची गावं फिरले. जून १९३० मध्ये हॅलिफॅक्सला गावोगावचे प्रतिनिधी जमले आणि ‘युनायटेड मेरिटाइम फिशरमेन’ हा मच्छीमारांचा संघ उभा राहिला.

इथपर्यंतची गोष्ट सहकारातल्या इतर अनेक गोष्टींसारखीच आहे: अन्याय, नेता, सभा, संघ. अँटिगोनिशवाल्यांचं वेगळेपण त्यांनी पुढे काय केलं त्यात आहे, आणि म्हणून ते जरा सावकाश पाहू.

गावात मोठी सभा व्हायची. कोडी बोलायचे, लोक पेटायचे. सभा संपताना वर्गणीची पावती फाडली जात नसे की कार्यकारिणी निवडली जात नसे. जमलेल्या लोकांचे पाच-दहा जणांचे गट पाडायचे. त्याला अभ्यासमंडळ म्हणत. एका वस्तीतली, एकमेकांच्या घरी जाणारी-येणारी माणसं एका मंडळात. आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी स्वयंपाकघरात बसायचं, कारण हिवाळ्यात ऊब तिथेच. अँटिगोनिशहून साध्या भाषेतल्या पुस्तिका आणि पत्रकं टपालाने येत. वाचता येणारा मोठ्याने वाचायचा, बाकीचे ऐकायचे, अडवायचे, वाद घालायचे. तिथे शिक्षक नसे. मंडळातलाच एक जण प्रमुख असे, आणि त्याचं काम उत्तर देण्याचं नसे. प्रत्येक जण बोलतो आहे ना, हे त्याने पाहायचं. महिन्यातून एकदा आसपासची मंडळं एकत्र जमून काय शोधलं ते एकमेकांना सांगत. कडाक्याच्या थंडीत, समुद्र बंद असताना, हा अभ्यास महिनोन्‌महिने चालायचा.

अभ्यास कशाचा? शेवंडीचा घ्या. व्यापारी पौंडाला काय देतो? बोस्टनला घाऊक बाजारात पौंडाला काय मिळतं? मधला फरक कुठे जातो? पेटीला किती, बर्फाला किती, आगगाडीच्या भाड्याला किती, वाटेत मेलेल्या शेवंडीचं नुकसान किती? हे सगळं वजा केल्यावर जे उरतं ते कुणाच्या खिशात जातं? दोर आपण कोणत्या भावाने घेतो आणि कारखाना तो कोणत्या भावाने विकतो? उधारीवर माल घेतल्यामुळे वर्षाला आपण खरं म्हणजे किती व्याज भरतो? व्यापाऱ्याच्या वहीत ‘व्याज’ असा रकानाच नसायचा, ते भावात मुरलेलं असायचं. ते बाहेर काढायला हिशेब लागतो, आणि तो हिशेब कुणी परका येऊन करून दाखवला तर कानावरून जातो. स्वतः मांडला की झोप उडते.

या हिशेबात लोकांना व्यापाऱ्याचा खर्चही दिसला. बुडीत खाती, साठवणीतली नासाडी, मंदीतला तोटा. सगळा फरक म्हणजे लूट नव्हे, हे त्यांना संस्था काढण्याआधी कळलं. मला या चळवळीतली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. मधल्या माणसाला शिव्या देऊन काढलेली संस्था पहिल्याच मंदीत बसते, कारण मधला माणूस करत असलेलं काम आपल्याला करायचं आहे हे कुणी सभासदांना सांगितलेलंच नसतं.

कॅनसोजवळ लिटल डोव्हर नावाची खडकाळ वस्ती आहे. शेती होईल अशी माती नाही, रस्ता धड नाही, आणि त्या काळात कॅनसोच्या गरिबांनाही ज्यांची कणव यावी अशी तिथली माणसं. टॉम्पकिन्स तिथे जात राहिले. अभ्यासाअंती तिथल्या मच्छीमारांनी ठरवलं, की शेवंड डबाबंद करण्याचा छोटा कारखाना आपणच काढायचा. भांडवल नव्हतं म्हणून हिवाळ्यात जंगलात जाऊन लाकूड स्वतः तोडलं, इमारत स्वतः उभी केली, आणि यंत्रसामग्रीपुरतं कर्ज काढलं. कारखाना चालला, कर्ज फिटलं. किनाऱ्यावर लिटल डोव्हरचं नाव दाखला म्हणून फिरू लागलं. डोव्हरच्या लोकांना जमतं तर आपल्याला का नाही, हा युक्तिवाद कोडींच्या कोणत्याही भाषणापेक्षा जास्त पोचत असणार.

तरीही उधारीची गाठ सुटल्याशिवाय यातलं काही टिकणार नव्हतं. ज्याच्या डोक्यावर व्यापाऱ्याची बाकी आहे तो मासळी संघाला घालणार कशी? म्हणून पतसंस्था हव्या होत्या. इथे या गोष्टीचा एक धागा थेट आपल्या अंगणात येतो, आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडली, कर्जखतं आणि वह्या जाळल्या. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरलं. सरकारने चौकशी आयोग नेमला, १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. शेतकऱ्याला सावकाराशिवाय दुसरा कर्जाचा मार्ग हवा म्हणून विल्यम वेडरबर्न आणि न्यायमूर्ती रानडे यांनी कृषी बँकेची योजना मांडली. ती विलायतेत अडली. पण ग्रामीण कर्जाचा प्रश्न सरकारी दप्तरातून हलला नाही, आणि अखेर १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. कायदा नवा असतानाच, १९०७ मध्ये, बोस्टनचा एक मोठा दुकानदार एडवर्ड फायलीन जगप्रवासात हिंदुस्थानात आला. बंगालमध्ये सहकारी संस्थांचे निबंधक गोरले यांच्यासोबत तो खेड्यांत गेला. ज्यांना कोणतीही पेढी दारात उभं करणार नाही असे शेतकरी एकमेकांच्या हमीवर एकमेकांना कर्ज देतात आणि ते फेडतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं. तो परत गेला तो हा विचार घेऊनच. मॅसॅच्युसेट्स राज्यात १९०९ साली पतसंस्थांचा कायदा झाला त्यामागे कॅनडाच्या क्वेबेकमधला अनुभव होता आणि फायलीनची खटपटही होती. पुढे १९२१ मध्ये त्याने रॉय बर्गेनग्रेन या वकिलाला हाताशी धरून अमेरिकाभर पतसंस्था पसरवण्याची मोहीम उघडली.

हाच बर्गेनग्रेन नोव्हा स्कोशियाला आला. प्रांताच्या १९३२ च्या पतसंस्था कायद्याला त्याचा हात लागला, आणि त्याच वर्षी केप ब्रेटनमधल्या ब्रॉड कोव्हला पहिली पतसंस्था उघडली. सुप्यापासून ब्रॉड कोव्हपर्यंत सरळ रस्ता आहे असं मी म्हणणार नाही. इतिहासात असे सरळ रस्ते नसतात. पण बंगालच्या खेड्यातल्या त्या शेतकऱ्यांची हमी समुद्रापलीकडच्या मच्छीमारांच्या कामाला आली, एवढं निश्चित.

पतसंस्थेत सेंट-सेंट जमा होत. महामंदी ऐन भरात होती. आठवड्याला हाताशी उरेल ते नाणं ठेवायचं. रक्कम नगण्य, पण त्यातून दोर आणि गळ रोखीने घेता आले की व्यापाऱ्याच्या खात्यावरचं पहिलं पान बंद व्हायचं. कर्जाचा अर्ज शेजाऱ्यांच्याच समितीपुढे यायचा. कोण फेडेल, कोण बुडवेल हे तिला कुणी सांगावं लागत नसे. आणि पतसंस्था काढण्याआधीही अभ्यासमंडळात कायदा, पोटनियम, हिशेबपद्धत हे सगळं वाचून व्हायचं. खजिनदार मासे पकडणारा असो की कोळसा खणणारा, त्याला जमाखर्च लिहिता यायलाच हवा.

या सगळ्यात बायका कुठे होत्या? व्यासपीठावर नव्हत्या, ही या चळवळीची मोठी उणीव. मात्र काम त्यांच्याशिवाय एक दिवस चालत नव्हतं. मार्था भगिनीसंघातल्या सिस्टर मारी मायकल आणि सिस्टर आयरीन डॉयल यांनी विस्तार विभागात स्त्रियांची मंडळं, फिरती वाचनालयं, पुस्तिका, पत्रव्यवहार यांचा भार उचलला. घरात पैसा कशावर जातो हे बाईला माहीत असतं, त्यामुळे सहकारी दुकान चालेल की नाही हे तिच्यावर ठरतं, ही गोष्ट त्यांनी लवकर ओळखली होती. इतिहास लिहिला गेला तो मात्र बराच काळ दोन फादरांचाच.

१९३५ मध्ये टॉम्पकिन्स कॅनसोहून केप ब्रेटनच्या रिझर्व्ह माइन्स या कोळसा खाणींच्या गावी गेले. तिथे खाणकामगार कंपनीच्या मोडकळीला आलेल्या चाळवजा घरांत राहत. टॉम्पकिन्सनी आल्या आल्या स्वतःच्या घराच्या दर्शनी भागात वाचनालय उघडलं. काही कामगारांनी विचारलं, की आपली स्वतःची घरं होतील का? उत्तर ठरलेलं: अभ्यास करा. जमिनीची किंमत, लाकडाचे भाव, पाया, वायरिंग, कर, सरकारी गृहकर्जाच्या अटी, हप्ता असं सगळं त्यांनी वाचून काढलं. न्यूयॉर्कच्या सहकारी घरबांधणीतली अनुभवी कार्यकर्ती मेरी अर्नोल्ड त्यांच्यात येऊन राहिली. कर्जासाठी सभासदांनी स्वतःचा वाटा घालणं भाग होतं, आणि पैसा तर नव्हता. मग कामगारांची अंगमेहनतच त्यांचा वाटा म्हणून धरली गेली. दिवसभर खाणीत, संध्याकाळी स्वतःच्या घराच्या पायावर. १९३८ साली अकरा घरांची वसाहत उभी राहिली. तिला लोकांनी टॉम्पकिन्सव्हिल म्हटलं. ती अकरा घरं पाहून प्रांतात इतरत्र सहकारी घरबांधणी सुरू झाली.

दशक संपताना कॅनडाच्या तीन सागरी प्रांतांत दोन हजारांवर अभ्यासमंडळं चालू होती, त्यांत सुमारे वीस हजार माणसं बसत होती, आणि पतसंस्था तीनशेच्या वर गेल्या होत्या. अमेरिकेतून, युरोपातून लोक पाहायला येऊ लागले.

मग दुसरं महायुद्ध आलं. तरुण सैन्यात गेले, मासळीला भाव आला, खिशात पैसा खेळू लागला. संस्था वाढल्या, अभ्यासमंडळं आटली. कुणी ती बंद करा म्हटलं नव्हतं. दुकान चालतंय, पतसंस्था चालतेय, मग थंडीत बसून वाचायचं कशाला, एवढंच झालं. कारभार पगारी व्यवस्थापकांच्या हाती गेला, सभासद ग्राहक झाला, सभांना गर्दी घटली. मच्छीमारांचा तो मोठा संघ १९८० च्या दशकाअखेरीस आर्थिक डबघाईला येऊन कोसळला. पुढच्या काही वर्षांत समुद्रातला कॉडच संपत आला. १९९२-९३ मध्ये सरकारला अटलांटिक किनाऱ्यावर मोठ्या पट्ट्यात कॉडची मासेमारी बंद करावी लागली. मोठ्या जहाजांना परवाने वाटण्याचं धोरण त्याला कारणीभूत होतं. ज्या ट्रॉलरांविरुद्ध १९२७ मध्ये कॅनसो उठलं होतं त्यांचीच ही थोरली भावंडं. लोकसंख्या घटत गेलेल्या कॅनसो शहराची स्वतंत्र नगरपालिका १ जुलै २०१२ रोजी विसर्जित झाली आणि शेजारच्या ग्रामीण पालिकेत विलीन झाली.

यावरून चळवळ फसली असा निष्कर्ष काढणारे अभ्यासक आहेत. मला तो उतावळा वाटतो. समुद्र कुणी किती खरवडावा हे ओटावातल्या मंत्रालयात ठरत होतं. गावच्या पतसंस्थेच्या हातात ते कधीच नव्हतं. गावाने आपलं घर कितीही नीट लावलं तरी मूळ संपत्तीवर त्याची सत्ता नसेल, तर पाया दुसऱ्याच्या जमिनीवर राहतो. चळवळीची ही मर्यादा खरी आहे. पण पतसंस्था टिकल्या, एकमेकींत विलीन होत मोठ्या झाल्या आणि आजही त्या प्रांतात सामान्य माणसाच्या ठेवी सांभाळत आहेत.

आणि विचारही टिकला. केप ब्रेटनच्या सिडनी शहरात पोलाद आणि कोळसा हे दोन्ही धंदे खालावत असताना ग्रेग मॅक्‌लाउड या धर्मगुरू-प्राध्यापकाने सहकाऱ्यांसह १९७६ साली ‘न्यू डॉन एंटरप्रायझेस’ काढली. कॅनडातली ही सर्वांत जुनी समाज-विकास कंपनी. तिला खाजगी मालक नाही, नफा कुणाच्या खिशात जात नाही. परवडणारी घरं बांधायची, शहरात दंतवैद्य टिकत नाहीत तर दवाखान्याच्या जागेची सोय करायची, वृद्धांसाठी निवारा उभारायचा, अशी कामं ती करत आली. शहराच्या मध्यभागी बंद पडलेली जोगिणींच्या मठाची आणि शाळेची भली मोठी वास्तू तिने २०१३ मध्ये घेतली आणि तिचं कलाकेंद्र केलं.

१९९९ पासून नोव्हा स्कोशियात एक योजना चालू आहे. तिची रचना मला फार महत्त्वाची वाटते. प्रांतातले लोक निवृत्तीसाठी दरवर्षी मोठ्या रकमा गुंतवतात, पण तो पैसा टोरोंटो-न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात जातो, गावच्या धंद्याला मिळत नाही. या योजनेत एखाद्या गावाने किंवा भागाने स्वतःचा गुंतवणूक निधी काढायचा, स्थानिक लोकांनी त्याचे समभाग घ्यायचे, आणि गुंतवणाऱ्याला प्रांताच्या आयकरात घसघशीत सूट मिळायची. ही सूट सुरुवातीला तीस टक्के होती, नंतर पस्तीस झाली. ‘फार्मवर्क्स’ नावाचा असाच एक निधी २०११ पासून प्रांतातल्या शेतकऱ्यांना आणि अन्नप्रक्रिया करणाऱ्या छोट्या उद्योगांना कर्ज देतो. सरकार इथे अनुदान वाटत नाही. गावातला पैसा गावात गुंतवायला माणसाला उद्युक्त करतं आणि जोखीम थोडी वाटून घेतं. कोडींच्या अभ्यासमंडळांनी पैसा कुठून बाहेर जातो ते शोधलं होतं, या योजनेने त्यातल्या एका वाटेवर बांध घातला.

कोडी जुलै १९५९ मध्ये वारले. त्याच वर्षाच्या अखेरीस विद्यापीठाने त्यांच्या नावाने आंतरराष्ट्रीय संस्था सुरू केली. आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतले हजारो कार्यकर्ते तिथे शिकून गेले. त्यांत भारतीयही बरेच आहेत. अहमदाबादच्या ‘सेवा’ या कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेशी या संस्थेचं काम जोडलेलं आहे. १९०७ मध्ये बंगालच्या खेड्यातून निघालेली गोष्ट अशी उलट्या दिशेने परत आली.

महाराष्ट्राला सहकार शिकवायला कॅनडाची गरज नाही. लोणीचा साखर कारखाना आपल्याकडे १९५० मध्ये उभा राहिला, त्यामागे विठ्ठलराव विखे पाटलांची जिद्द होती आणि धनंजयराव गाडगिळांसारखा अर्थशास्त्रज्ञ होता. संस्थांच्या संख्येत आपल्याशी बरोबरी करणारे प्रदेश थोडे. पण आपली वार्षिक सर्वसाधारण सभा कशी होते ते आठवा. अहवाल हातात पडतो तेव्हा सभा सुरू झालेली असते, विषय वाचले जातात, मागून ‘मंजूर, मंजूर’ असे आवाज येतात, चहा-वडा होतो, लोक घरी. संस्था बुडाली की मग ठेवीदार निबंधकाच्या दारात रांग लावतात. ज्या संस्थेची वही सभासद वाचत नाही ती संस्था आणि कॅनसोचा तो व्यापारी यांच्यात सभासदाच्या दृष्टीने फारसा फरक उरत नाही. दोघांचाही हिशेब परक्या हातात.

वही वाचण्याचा हक्क आपल्याला आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ नुसार सभासदाला संस्थेची ठरावीक पुस्तकं आणि कागदपत्रं पाहता येतात. २०१३ च्या दुरुस्तीने आलेलं कलम २४-अ सभासदांच्या शिक्षण-प्रशिक्षणाची जबाबदारीच संस्थेवर टाकतं. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सभा व्हायला हवी. तुम्ही एखाद्या पतसंस्थेचे, विकास सोसायटीचे, मच्छीमार संस्थेचे किंवा गृहनिर्माण संस्थेचे सभासद असाल, तर यंदा त्या तारखेच्या आधी अहवाल मागून घ्या. ओळखीतल्या पाच जणांना घरी बोलवा, ताळेबंद मोठ्याने वाचा, समजत नसलेल्या प्रत्येक रकान्यापुढे खूण करा, आणि ते प्रश्न सभेत लेखी विचारा.